हरलेल्या माशाने जायचं कुठे?

खाऱ्या पाण्याचा टँक घरात मांडला की त्यात पहिला मासा बहुधा डॅमसेल येतो. निळाभोर, बोटाएवढा, स्वस्त आणि चिवट. नव्या टँकमधलं पाणी अजून पुरतं स्थिरावलेलं नसतं, अमोनिया वरखाली होत असतो, तरी तो तग धरतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. महिन्या-दोन महिन्यांनी क्लाउनफिशची जोडी येते, मग एखादी गोबी, मग हौस वाढली की पिवळा टँग. आणि चार दिवसांत चित्र पालटतं. टँग हीटरच्या मागे अंग चोरून उभा, क्लाउनफिशची शेपटी कुरतडलेली, गोबीचा पत्ता नाही, आणि बोटाएवढा डॅमसेल अख्ख्या टँकचा मालक. घरात लगेच निकाल लागतो: हा मासाच दुष्ट. हा निकाल सोपा आहे, म्हणूनच घातक आहे. भांडण हा माशाचा स्वभावदोष मानला की पुढची सगळी खटपट त्या माशाला वठणीवर आणण्यात जाते. समुद्रात हेच मासे दिवसभर भांडत असतात, तरी त्यांतली फार थोडी भांडणं जिवावर बेततात, कारण हरलेला निघून जातो. टँकमध्ये भांडण तेच राहतं. निघून जायची सोय मात्र आपण काढून घेतलेली असते. म्हणून कोणता मासा किती भांडखोर, हा प्रश्न दुसरा. हरणाऱ्याला या काचांच्या आत जागा कुठे आहे, हा पहिला.

या विषयावरचा आधुनिक विचार कोनराड लोरेन्झ यांच्यापासून सुरू होतो. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी 1973 चं नोबेल मिळालेल्यांपैकी हे एक. आक्रमकतेवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक 1963 साली जर्मनमध्ये आलं आणि त्याची सुरुवातच प्रवाळखडकांवरच्या माशांनी होते. फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात आणि मत्स्यालयाच्या टाक्यांत पाहून त्यांनी असं मांडलं की भडक, ठसठशीत रंगांचे मासे आपल्याच जातीच्या माशावर तुटून पडतात, इतरांकडे फारसं लक्ष देत नाहीत. रंग म्हणजे लांबून ओळखू येणारा जातीचा झेंडा, आणि सजातीयाला हुसकावण्याचं कारण असं की त्याला नेमकं तेच अन्न आणि तेच बीळ हवं असतं. या मांडणीत तथ्य आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं की तीन पांढऱ्या पट्ट्यांचा ओसेलारिस क्लाउनफिश तीन पट्टेवाल्या पाहुण्यावर सर्वांत जास्त धावून जातो. पण लोरेन्झ यांची ही मांडणी अपुरी होती. आर्थर मायरबर्ग आणि रोनाल्ड थ्रेशर यांनी 1970 च्या दशकात कॅरिबियन समुद्रातल्या तीन ठिपक्यांच्या डॅमसेलच्या हद्दीत वेगवेगळ्या जातींचे मासे पारदर्शक बाटल्यांत घालून ठेवले आणि तो किती अंतरावरून हल्ला करतो ते मोजलं. तो परजातीच्या माशांवरही हल्ला करत होता, आणि कोण आलंय त्यानुसार अंतर बदलत होतं: सजातीय दिसला तर लांबूनच धावून जायचं, एखाद्या परक्याला मात्र पार जवळ येऊ द्यायचं. म्हणजे हद्द ही एकच रेषा नसते. प्रतिस्पर्धी जितका महागात पडणारा, तितकं कुंपण बाहेर सरकतं.

महागात पडणारा, कारण राखण्यासारखं काहीतरी खरोखर तिथे असतं. बरेच डॅमसेल अक्षरशः शेती करतात. हिंदी-प्रशांत महासागरातल्या एका काळपट डॅमसेलबद्दल जपानी संशोधकांनी नोंदवलंय की तो आपल्या तुकड्यावर एका विशिष्ट लाल शेवाळाचं जवळजवळ एकपीक घेतो आणि नको असलेलं शेवाळ तोंडाने उपटून बाहेर टाकतो. अशा शेतकऱ्याच्या हद्दीत शेवाळखाऊ सर्जनफिश शिरला तर तो काय करणार? आपला टँग हा सर्जनफिशच. त्याच्याशी डॅमसेलचं वैर दोन माशांच्या स्वभावातून आलेलं नाही. ते पिकावरून आहे. आता या शेताचं माप घरच्या टँकला लावून पाहा. अशा डॅमसेलची हद्द साधारण एका चौरस मीटरच्या आसपास असते. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टँक आपण 'चांगला मोठा' म्हणून घेतो, त्याचा तळ पुरता अर्धा चौरस मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे समुद्रात ज्याची सीमा जिथे संपते, त्याच्या कितीतरी अलीकडे आपली काच येते. या टँकमध्ये त्या माशाच्या लेखी 'बाहेर' नावाची जागाच नाही. टँग समुद्रात दोन शेपट्या मारून हद्दीबाहेर गेला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. इथे तो कुठेही गेला तरी घुसखोरच ठरतो, चोवीस तास.

हद्द राखणं हा माशाच्या हिशेबाचा भाग आहे, याचा फार बोलका पुरावा 2016 च्या प्रवाळविरंजनाने दिला. सॅली कीथ आणि सहकारी त्या आधीपासून हिंदी-प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांवर बटरफ्लायफिशची भांडणं मोजत होते. समुद्राचं पाणी तापलं, प्रवाळ पांढरे पडले, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या माशांमधल्या आक्रमक चकमकी सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्या. जो प्रवाळ खाऊन ते जगतात त्याचाच कस गेला, तेव्हा त्यासाठी मारामारी करण्यात शक्ती घालवणं परवडेना. मासे अचानक सज्जन झाले असं कोणी म्हणणार नाही. टँकसाठी याचा अर्थ 'मासे उपाशी ठेवा' असा मुळीच नाही. टँकमधलं अन्न नि:सत्त्व करून शांतता विकत घेणं हा अघोरी उपाय झाला. अर्थ उलट दिशेने घ्यायचा. जे राखता येतं ते राखलं जातं, म्हणून अन्न राखता येणार नाही असं द्यावं. टँकच्या एकाच कोपऱ्यात, रोज त्याच वेळी चिमूटभर खाद्य टाकलं तर तो कोपरा ही मालमत्ता होते आणि बलवान मासा तिथे ठाण मांडतो. तेच खाद्य दोन-तीन ठिकाणी, पंपाच्या प्रवाहात सोडलं, नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पानं दोन टोकांना क्लिपने लावली, तर एका माशाला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. खर्च शून्य, आणि तरीही फार थोडे लोक हे करतात.

क्लाउनफिशचं उदाहरण वेगळं आहे, कारण तिथे भांडण घरातलं आहे. एका ॲनिमोनमध्ये सर्वांत मोठी मादी, तिच्यापेक्षा लहान नर आणि त्याखाली उतरत्या क्रमाने लहान होत गेलेले, अजून वयात न आलेले मासे राहतात. मादी मेली तर नर मादी होतो आणि त्याच्याखालचा वर सरकतो. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युला क्लाउनफिशचा अभ्यास करून 2003 मध्ये दाखवलं की रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो. वरच्याच्या साधारण 80 टक्के आकारापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. त्याहून मोठं होणं म्हणजे आव्हान, आणि आव्हानाची शिक्षा हद्दपारी. ॲनिमोनबाहेर उघड्यावर पडलेला क्लाउनफिश फार काळ टिकत नाही. म्हणजे इथली शांतता आकारातल्या फरकावर आणि हद्दपारीच्या धाकावर उभी आहे. टँकमध्ये आपण सारख्या आकाराचे दोन पूर्ण वाढलेले क्लाउनफिश आणले की पहिला आधार जातो, आणि हद्दपारी शक्यच नसल्यामुळे दुसरा. मग जो हरतो त्याचा छळ थांबायला काही कारण उरत नाही. जोडी हवी असेल तर एक ठळकपणे मोठा आणि एक लहान घ्यावा, किंवा दोन्ही अगदी पिल्लं. लहानाने मोठ्यासमोर अंग तिरकं करून थरथरावं, हे शरणागतीचं लक्षण आहे. ते दिसलं की काळजी सोडायला हरकत नाही. तिसरा क्लाउनफिश मात्र आणू नये, कितीही गोड दिसला तरी.

इथे दुकानातल्या दृश्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक फसवणूक तिथे होते, आणि ती कोणी मुद्दाम करत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या काय किंवा कुर्ल्याच्या काय, दुकानातल्या टाकीत पन्नास डॅमसेल किंवा तीस क्लाउनफिश गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. हॅचरीतही तसंच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात क्लाउनफिशची पैदास केव्हाच साधली आहे, आपल्याकडे ऐरोलीतही हॅचरी आहे, आणि तिथली भावंडं एकाच टाकीत शेकड्याने वाढतात. ग्राहकाला वाटतं, ही जात शांत आहे. पण त्या टाकीत राखण्यासारखा खडक नाही, रोज काही मासे जातात नि काही येतात, सगळेच नवे, सगळेच कोवळे, आणि गर्दी एवढी की कुणा एकावर रोख धरता येत नाही. त्यांतले दोन घरी येऊन खडकाच्या एका फटीत स्थिरावले की मालकी सुरू होते. दुकानातली शांतता घरी आणता येत नाही, कारण तिला कारणीभूत असलेली परिस्थिती घरी नसते, आणि नसावीही.

आता क्रमाचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. शेन गीन्ज आणि एड्रियन स्टायर यांनी प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाजवळ रॅस माशांच्या दोन जातींवर प्रयोग केला. कधी एक जात आधी खडकावर सोडायची, कधी दुसरी. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की जी आधी पोचली तिची सरशी झाली, आणि नंतर येणाऱ्यांना जास्त मार खावा लागला. जात तीच, मासे तेच. येण्याचा क्रम बदलला की निकाल बदलला. लोकलच्या डब्यात दारात उभे असलेले पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्यांकडे ज्या नजरेने पाहतात, तशीच नजर टँकमधल्या जुन्या माशाची असते, आणि त्यात जातीपेक्षा आधी आल्याचा हक्क बोलतो. म्हणून पहिला मासा डॅमसेल ही आपली पद्धत नेमकी उलटी आहे. सर्वांत शांत, सर्वांत भित्रे मासे आधी सोडावेत, गोबी, कार्डिनल, फायरफिश यांच्यासारखे. त्यांना आपापल्या फटी ठरवू द्याव्यात. टँग, डॉटीबॅक, मोठ्या जातीचे एंजल शेवटी. एकाच कुळातले दोन टँग ठेवायचेच असतील तर एकाच दिवशी एकत्र सोडावेत, म्हणजे दोघेही परके. आणि पाण्याची परिपक्वता तपासायला माशाची गरजच नाही. बाटलीतले जिवाणू, अमोनियाचा थेंब आणि टेस्ट किट यांनी ते काम होतं, माशाला यातनाही होत नाहीत.

क्रम आधीच चुकला असेल तर? तर जुन्या माशाचा हक्क मोडावा लागतो, आणि इथे खडकांची नव्याने मांडणी हा हौशी लोकांचा जुना उपाय कामी येतो. त्यामागे तर्क आहे. माशांना शेजारी कळतो. मायरबर्ग आणि रिगिओ यांनी 1985 मध्ये दाखवलं की दुरंगी डॅमसेलचे नर शेजारच्या नराचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या आवाजाला जास्त जोरात उत्तर देतात. ओळखीच्या शेजाऱ्याची सीमा ठरलेली असते, त्यामुळे त्याच्याशी रोज नव्याने भांडावं लागत नाही. नवख्याची सीमा ठरायची असते. खडक हलवले की सगळ्यांच्याच सीमा पुसल्या जातात, जुना मासाही काही काळ नवखा होतो आणि आपलं बीळ शोधण्यात गुंततो. नवा मासा त्याच वेळी, दिवे मालवून सोडायचा. त्याहून चांगला उपाय म्हणजे जाळीचा किंवा भोकं पाडलेला पारदर्शक डबा. नव्या माशाला त्यात घालून डबा टँकमध्येच तीन-चार दिवस, गरज पडल्यास आठवडाभर, लटकवून ठेवायचा. जुना मासा डब्यावर धडका मारतो, फुगतो, रंग गडद करतो आणि हळूहळू कंटाळतो. त्याचा कंटाळा हाच दार उघडायचा इशारा. धडका चालूच असतील तर सोडायची घाई करू नये.

आरशाचा उपाय मात्र मला तितकासा पटत नाही. टँकच्या बाहेर आरसा चिकटवायचा, जुना टँग आपल्याच प्रतिबिंबाशी लढत बसतो, नवा तेवढ्यात रुळतो, असा त्यामागचा हिशेब. दोन-तीन दिवस लक्ष वळवायला तो चालेलही. पण यामागे एक जुनी समजूत दडलेली आहे, तीही लोरेन्झ यांचीच: आक्रमकता आत साठत जाते आणि तिला वाट करून दिली की ओसरते. वॉल्टर हायलिगेनबर्ग आणि उर्सुला क्रामर यांच्या 1972 च्या सिक्लिड माशांवरच्या प्रयोगांत दिसलं ते उलट होतं. प्रतिस्पर्धी दिसेनासा झाला की हल्ल्याची तयारी उतरत गेली. प्रतिस्पर्ध्याचं चित्र दाखवलं की ती चढली. आरसा म्हणजे कधीच हार न मानणारा, कधीच न पळणारा प्रतिस्पर्धी. त्याच्यासमोर मासा तापलेलाच राहतो.

'त्यांचं त्यांना मिटवू द्या, निसर्गात कोण मध्ये पडतं?' या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. निसर्गात मिटतं, कारण एक निघून जातो. टँकमध्ये जिंकलेला मासा पुढच्या झुंजीत अधिक आत्मविश्वासाने उतरतो आणि हरलेला आधीच हरलेला असतो. माशांमध्ये असा जय-पराजयाचा साचत जाणारा परिणाम प्रयोगांत वारंवार दिसलाय. भांडण 'मिटलं' असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुधा हरलेल्याने खायला येणं सोडलेलं असतं. सततच्या भीतीने त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी संधी साधतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. मालक रोगावर औषध शोधत बसतो, आणि औषध देऊन मासा पुन्हा त्याच टँकमध्ये सोडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्याला अनुभवाचा आधार आहे. मलावी सरोवरातले सिक्लिड पाळणारे टँक मुद्दाम गच्च भरतात, म्हणजे मार वाटला जातो आणि एकावर पडत नाही. मग खाऱ्या पाण्यात तसं का करू नये? एक तर पाणी सोसत नाही. खाऱ्या पाण्यात विरघळणारा प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असतो, आणि प्रवाळ असतील तर नायट्रेटची वाढ त्यांना भोवते. दुसरं म्हणजे गर्दीने भांडण पसरतं, संपत नाही. भित्रा मासा एकाऐवजी पाचांपासून लपतो. तिसरा आक्षेप नेमका याच्या विरुद्ध: मोठा टँक घ्या, प्रश्नच सुटेल. रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी 2011 मध्ये मायडास सिक्लिडच्या पिल्लांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे, मासा गोड्या पाण्यातला असला तरी. घरगुती मापाच्या टाक्यांमध्ये जागा किंवा माशांची संख्या थोडी कमी-जास्त केल्याने फरक पडला नाही. आक्रमकता घटली ती खूप मोठ्या आणि आडोशांनी भरलेल्या जागेत. म्हणजे अडीच फुटांवरून तीन फुटांवर गेल्याने आपल्या मनाला बरं वाटतं, माशांना फरक पडत नाही. दिवाणखान्यात हजारो लिटरचा टँक कुणाला परवडणार? पण आडोसा परवडतो. खडकांची एकच भिंत मागच्या काचेला टेकवून रचली तर एका नजरेत सगळा टँक दिसतो. आपल्याला, आणि दांडगट माशालाही. त्याऐवजी दोन-तीन सुटी बेटं, मध्ये आरपार बोगदे आणि दोन्ही बाजूंनी तोंड असलेली बिळं केली, तर लपलेला मासा कोंडीत सापडत नाही आणि पाठलाग करणाऱ्याच्या नजरेआड होतो. नजरेआड झाल्यावर निदान काही क्षण तरी तो दांडगटाच्या हद्दीबाहेर गेलेला असतो. टँगसारख्या लांब पोहणाऱ्या माशाचं मात्र आडोशाने भागत नाही. त्याला लांबीच लागते, आणि चार फुटांखालच्या टँकमध्ये तो घेऊच नये.

काही जाती खरोखरच कुणाशी नांदत नाहीत, हेही मान्य करायला हवं. नारिंगी रेघांचा अनड्युलेटेड ट्रिगरफिश किंवा मोठा मरून रंगाचा क्लाउनफिश यांच्यापुढे क्रम, डबा, बोगदे सगळं थिटं पडतं. एकाच जातीतही एखादा मासा इतरांपेक्षा बराच तापट निघतो. पण त्यानेही युक्तिवाद बदलत नाही. अशा माशासोबत हरणाऱ्यासाठी जागा निर्माण करता येत नसेल, तर हरणारा तिथे आणू नये. ट्रिगरफिश एकटा ठेवावा. एकटा तो मोठा देखणा आणि चौकस प्राणी आहे.

आणि आधीच सगळे आत असतील तर कोणाला काढायचं, यावर बहुतेक जण चुकीचा मासा निवडतात. जखमीला काढून बाजूला ठेवतात, बरा करतात, परत सोडतात. तोवर दांडगटाची मालकी आणखी पक्की झालेली असते. काढायचं त्याला, जो मारतो. खडकांच्या टँकमध्ये जाळीने धरायला जाणं म्हणजे सगळी रचना उपसणं, त्यापेक्षा आत खाद्य ठेवलेला पारदर्शक सापळा लावला किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं बसवून तसाच सापळा केला तर दोन दिवसांत तो आपणहून आत येतो. आठ-दहा दिवसांनी खडक हलवून त्याला परत सोडला की नवखा तोच असतो. एवढ्यानेही जमलं नाही तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. समुद्रात सोडणं हा पर्याय धरायचाच नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला, बहुधा कुणाच्या तरी टँकमधून सुटलेला, आणि पुढे तो कॅरिबियनभर पसरून तिथल्या लहान माशांचा काळ झाला. या सगळ्यासाठी वेळेवर एक रिकामी टाकी हाताशी लागते. म्हणून मुख्य टँकचा खर्च ठरवतानाच पन्नास-साठ लिटरची साधी काचेची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे त्या यादीत धरावेत, महागड्या दिव्यांच्या आधी.